आरोग्यरक्षणार्थ बोर्दो

आमच्या घरात त्या दिवसापर्यंत बाटल्या म्हणजे ग्राइपवॉटरची, फिनेलची आणि खोबरेल तेलाची. चौथी बाटली विद्याधरने आणली ती पिशवीत कोथिंबिरीच्या जुडीखाली लपवून. चार मजले चढून आला, दार लावलं, खिडकी लावली, मग पिशवीतून कोथिंबीर काढून माझ्या हातात दिली आणि ती बाटली टेबलावर अशी ठेवली की जणू ती झोपलेली आहे आणि उठवायची नाहीये.

"वाईन," तो कुजबुजला. "फ्रान्सची. बोर्दोची. मोरोसाहेबांनी दिली."

आमची शलाका, वय महिने दहा, तत्काळ तिकडे रांगत निघाली. घरात आलेली कुठलीही नवी वस्तू ती आधी चाटून पाहते आणि मग ओळख वाढवते. मी बाटली उचलून कपाटावर ठेवली. तिथून ती पडली तर कुणाच्या डोक्यात पडेल हे लगेच डोळ्यांसमोर दिसलं, म्हणून खाली घेतली. खाली ठेवली तर शलाका. शेवटी पहिला तासभर मी ती मांडीवर घेऊन बसले आणि स्वयंपाक विद्याधरने केला.

मोरोसाहेब म्हणजे मुलुंडच्या ज्या पंपाच्या कारखान्यात विद्याधर तपासनीस आहे, तिथे फ्रान्सहून आलेले इंजिनीअर. नाव ऐकून पेशव्यांच्या दरबारातले वाटतात, पण नाहीत. कारखान्यातल्या तीन तपासनिसांपैकी एकाला ते चार महिन्यांच्या ट्रेनिंगला फ्रान्सला नेणार होते. परत आलेला माणूस असिस्टंट मॅनेजर होणार आणि त्याला कारखान्यामागच्या कॉलनीत क्वार्टर मिळणार. तळमजल्यावर.

बाकी सगळं मी सोडून दिलं असतं. पण तळमजला! आमचं बिर्‍हाड चौथ्या मजल्यावर. समोर सगळ्यांची मिळून एक लांब गॅलरी, तिला उभे गज. मी शलाकाचं डोकं टेपने मोजलं आहे आणि गजांमधलं अंतरही. दोन्हींत एका बोटाचा फरक आहे, आणि तो डोक्याच्या बाजूने नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं तर म्हणाले, "अहो, डोकं वाढेल की!" तेव्हापासून त्या गजांना माझ्या लग्नातल्या दोन साड्या विणून बांधलेल्या आहेत आणि रात्री मला पडण्याचीच स्वप्नं पडतात.

तर साहेबांनी तिन्ही उमेदवारांना एकेक बाटली दिली होती. मायदेशी जाऊन ते मे महिन्यात परत येणार आणि तिघांच्या घरी एकेक दिवस जेवायला येऊन ती बाटली त्यांच्यासोबत उघडणार. साहेब प्रेमाने म्हणाले असतील. पण तिघेही बोर्डाच्या परीक्षांतून वाढलेले. जयवंत नावाचा दुसरा उमेदवार म्हणाला, "यार, ही परीक्षा आहे," आणि त्या क्षणापासून ती परीक्षाच झाली.

अभ्यासक्रमही सोबत होता. बाटलीच्या गळ्यात दोरीने बांधलेलं एक कार्ड, इंग्रजीत टाइप केलेलं. मी बी.ए. आहे, पण मला शब्दकोश काढावा लागला. ही वाईन, कार्ड म्हणत होतं, आधी जिभेला जरा कडक लागेल, मग हळूहळू मोकळी होईल. तिच्यात काळी फळं आहेत. मग देवदाराचं लाकूड. पेन्सिलीचं शिसं. तंबाखूचा डबा. ओली माती. जुनं चामडं. आणि शेवटी टॅनिन. शब्दकोशात टॅनिन म्हणजे कातडं कमावण्याचं द्रव्य.

मी यादी दोनदा वाचली. मग शलाकाकडे पाहिलं. त्या दिवशी सकाळपासून मी तिच्या तोंडातून बोट घालून काढलेल्या वस्तू अशा: कुंडीतली माती, पेन्सिलीचं टोक, विद्याधरच्या चपलेचा अंगठा आणि सासूबाईंच्या मिस्रीच्या डबीचं झाकण.

"विदू," मी म्हटलं, "ही वाईन आपली मुलगी रोज फुकट पितेय." (आईंसमोर मी त्याला 'अहो' म्हणते. आई तेव्हा मोरीत होत्या.)

आता बाटली ठेवायची कुठे? कार्डावर लिहिलं होतं: थंड, अंधारी जागा, बाटली आडवी. मुलुंडमध्ये एप्रिलात थंड आणि अंधारी जागा एकच, ती म्हणजे शेजारच्या पद्मजाचा फ्रिज. आमच्या मजल्यावर तेवढा एकच. पद्मजाचा भाऊ बोटीवर स्टुअर्ड आहे, त्यामुळे मद्य, परदेश आणि समुद्र या विषयांवर तिचा शब्द शेवटचा असतो.

"फ्रिजमध्ये? वेडी आहेस का नलू!" ती म्हणाली. "माझा भाऊ सांगतो, लाल वाईनला सर्दी होते. आणि माझ्या फ्रिजात बोंबील आहेत ना गं. आठ दिवसांत तुझी बाटली मासळीबाजारातून आल्यासारखी वाटेल."

शेवटी जागा आईंनीच दिली. आई म्हणजे माझ्या सासूबाई, शेवंतीबाई. गावाहून दरवर्षी आंब्यांची पेटी येते, ती त्यांच्या खाटेखाली पेंढ्यात अढी लावून ठेवतात. तिला हात लावायची मुभा घरात फक्त त्यांना. सकाळी एकदा त्या आंबे फिरवतात, वास घेतात आणि कुणाची वेळ झाली ते ठरवतात. "हडे ठेय," त्या म्हणाल्या. "पेंढ्यात आडवी रवात. काळोख आसा." विचारलं नाही, काय आहे. आई विचारत नाहीत. त्या थांबतात.

इथपर्यंत ठीक होतं. पण दुसर्‍या मजल्यावरचे अंबादासभाऊ गायकवाड पेपर परत करायला आले, ते पद्मजाकडून बाटलीची बातमी ऐकूनच. ते टपाल खात्यात आहेत आणि संध्याकाळच्या कॉलेजात वकिलीच्या दुसर्‍या वर्षाला. शिकलेलं कलम वाया जाऊ द्यायचं नाही हा त्यांचा बाणा.

"वहिनी, परवाना आहे?"

"कसला?"

"मद्य बाळगण्याचा. मी थेंबाला शिवत नाही, पण कायदा सांगतो. बिनपरवाना बाटली घरात म्हणजे गुन्हा. पीत नसलात तरी. किंबहुना पीत नसलात तर जास्त संशयास्पद."

त्या रात्री मी झोपले नाही. पोलीस, पंचनामा, शलाका माझ्या कडेवर, आणि पेपरात 'मुलुंडच्या गृहिणीच्या खाटेखाली'. सकाळी विद्याधरला रजा नव्हती, म्हणून शलाकाला घेऊन मीच परवान्याच्या कचेरीत गेले.

रांगेत मी एकटीच बाई, त्यात कडेवर मूल. पुढच्या एका गृहस्थांनी मागे वळून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुमचं आधी होऊ द्या." त्यांच्या डोळ्यांत इतकी सहानुभूती होती की मी मान खाली घालून पुढे सरकले.

"अर्जदार?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"माझे मिस्टर."

"पितात?"

"छे! अजिबात नाही."

"मग परवाना मिळणार नाही. परवाना पिणार्‍याला असतो."

"बरं, पितात."

"आत्ता तर नाही म्हणालात."

"आजपासून पितात."

त्यांनी लिहून घेतलं. "आजार कोणता?"

"आजार नाही हो काही."

"आजाराशिवाय कसं चालेल बाई? परवाना आरोग्यरक्षणार्थ असतो. डॉक्टरचा दाखला आणा. बरं, मद्य देशी की विदेशी?"

"विदेशी."

"कुठल्या जिल्ह्यातली?"

"फ्रान्स."

पेन थांबलं. "विदेशी म्हणजे इथे बनते ती विदेशी. तुमची खरोखरच विदेशातली आहे म्हणता?" ते उठून आत गेले. पंधरा मिनिटांनी बाहेर आले. "तिला रकाना नाही," ते म्हणाले, आणि मग माझ्या चेहर्‍याकडे पाहून म्हणाले, "देशीत टाकू?"

आमचे फॅमिली डॉक्टर भला माणूस. त्यांनी विद्याधरची जीभ पाहिली, 'सर्वसाधारण अशक्तपणा, भूक मंद, माफक मद्य हितकारक' असं लिहिलं आणि स्वतःच हसले. तिसर्‍या फेरीला परवाना मिळाला. गोल शिक्का, खाली सही, वर ठळक अक्षरांत 'आरोग्यरक्षणार्थ'. अंबादासभाऊंनी तो दोन्ही बाजूंनी तपासला आणि दोन हुकूम सोडले. एक, परवाना बाटलीसोबतच राहिला पाहिजे. दोन, बाटली नोकरीच्या संबंधात मिळालेली असल्यामुळे परवान्याची आणि दाखल्याची सत्यप्रत कारखान्यात फाइलला लावावी. "उद्या कुणी बोट दाखवायला नको."

परवाना आंब्याच्या पेटीला टाचणीने लावताना आईंनी विचारलं, "अंबादासा, काय लिवलां रे ह्या कागदार?"

"आरोग्यरक्षणार्थ, आजी. म्हणजे प्रकृती चांगली राहावी म्हणून घ्यायचं."

"डाक्टरान लिवल्यान?"

"डॉक्टरांनी लिहिलं, सरकारने शिक्का मारला."

"होय?" आई म्हणाल्या, आणि कागदाकडे पाहत राहिल्या. त्या वेळी मी शलाकाच्या तोंडातून एक टाचणी शोधत होते, त्यामुळे त्या पाहण्याकडे माझं लक्ष गेलं नाही. टाचणी पेटीलाच होती. पण मोजल्या तेव्हा कळलं.

आता अभ्यास. विद्याधर कारखान्यातून दमून यायचा, म्हणून तयारी मी अंगावर घेतली. साहेब विचारतील तेव्हा घरातल्या एकाला तरी बोलता आलं पाहिजे. पण पेन्सिलीच्या शिशाचा वास आयुष्यात लक्ष देऊन घेतला आहे कुणी? मी दुपारी शलाका झोपली की गॅलरीत बसायचे. एका वाटीत पेन्सिल तासलेला भुगा, एकीत कुंडीतली भिजवलेली माती, मांडीवर विद्याधरची जुनी चप्पल. डोळे मिटून एकेकाचा वास घ्यायचा आणि मनात म्हणायचं, देवदार, माती, चामडं. तिसर्‍या दिवशी मला न बघता माती कुठली आणि चप्पल कुठली ते ओळखता येऊ लागलं. चौथ्या दिवशी डोळे उघडले तर समोर पद्मजा.

ती नुसती हसली, डोळे भरून आले तिचे, आणि आत गेली. संध्याकाळी माझ्याकडे चिंचेचा गोळा आला. दुसर्‍या दिवशी खालच्या मजल्यावरून कैरीचं पन्हं. अंबादासभाऊंच्या बायकोने, राधाने, खसखशीची वडी पाठवली आणि निरोप दिला, 'जड उचलू नका'. मग लक्षात आलं. माती आणि पेन्सिलीचे डोहाळे जगात कुणाला लागतात! अख्ख्या बिल्डिंगने मला दुसर्‍यांदा दिवस गेल्याचं ठरवून टाकलं होतं.

"अगं पद्मजा, तसलं काही नाही," मी तिला गाठून सांगितलं. "मी अभ्यास करत होते."

"हो गं हो," ती म्हणाली. "पहिल्या तीन महिन्यांत सांगूच नये."

आईंनी मला मोसमातला पहिला पिकलेला आंबा दिला, जो आजवर कायम विद्याधरला मिळत आला आहे. मी खुलासा करणार होते. आंबा खाल्ल्यावर करू म्हटलं, आणि मग राहिलाच.

तसा आईंचा स्वभावही या दिवसांत कमालीचा निवळला होता. गुडघे दुखायचे थांबले होते. चार मजले न थांबता चढायच्या. दुपारी जेवण झालं की तासभर गाढ झोपायच्या आणि उठल्यावर शलाकाला मांडीवर घेऊन गावाकडची गाणी म्हणायच्या. एकदा तर पद्मजाला म्हणाल्या, "तुझो हात चांगलो गो, फक्त मीठ कळाना नाय तुका." त्यांच्या तोंडून ही स्तुती होती. मला वाटलं, मी लावते त्या तिळाच्या तेलाचा गुण. मी पद्मजाला तसं सांगितलंही. तेलाची शिशी तिलाही आणून दिली.

साहेबांचा दिवस आला. मेची वीस तारीख, मंगळवार. तिघांतलं आमचं घर शेवटचं. जयवंतने आदल्या दिवशी सांगितलं होतं की त्याने कार्ड पाठ म्हणून दाखवलं आणि साहेब 'व्हेरी गुड' म्हणाले. आईंनी मटण शिजवलं होतं, कारण कार्डावर मेंढीचं मांस लिहिलेलं. पद्मजाने सरबताचे फुलाफुलांचे काचेचे ग्लास दिले आणि भावाचा सल्ला दिला: बाटली तास-दोन तास आधी उघडून ठेवायची, वाईनला श्वास घेऊ द्यायचा.

सहा वाजता मी पेटीत हात घातला. बाटली उभी होती. मी ती आडवी ठेवली होती. गळ्यात बुचाऐवजी चिंधीचा बोळा. आणि वजन? ग्राइपवॉटरच्या बाटलीपेक्षा थोडं जास्त.

"आई!" मी ओरडले. "ही बाटली कुणी उघडली?"

"मी," आई म्हणाल्या. त्या वडे थापत होत्या, थांबल्यासुद्धा नाहीत. "बूच भायर येय ना, तां पळयेच्या दांड्यान आत ढकललंय. रोज दोन मोठे चमचे, जेवणावर. कोमट पाण्यातून. आज एकवीस दिस झाले."

"पण का?"

त्यांनी पिठाच्या बोटाने पेटीवरच्या कागदाकडे दाखवलं. "डाक्टरान लिवला, सरकारान शिक्को मारलो. विदूक वेळ खंय आसा औषद घेवक? फुकट जाय होतां. माझे गुडघे तरी बरे झाले."

सगळ्या महाराष्ट्रात त्या परवान्यावर अक्षरशः विश्वास ठेवणारी एकच व्यक्ती होती आणि ती माझ्या घरात वडे थापत होती. मी तिळाच्या तेलाबद्दल पद्मजाला काय काय सांगितलं होतं ते आठवत होते.

विद्याधर बाटलीकडे पाहत खाली बसला. "वाट लागली," तो म्हणाला. पद्मजा धावत आली. अंबादासभाऊंना तर कुणी बोलावलंही नव्हतं.

"श्वास घ्यायला ठेवायची होती ना," पद्मजा म्हणाली. "एकवीस दिवस घेतेय बिचारी."

"परवानाधारक विद्याधर," अंबादासभाऊ म्हणाले. "सेवन मातोश्रींनी केलं. हे वेगळं प्रकरण होतं."

"भाऊ, आत्ता कलम नको. उपाय सांगा."

उपाय पद्मजाने सांगितला. द्राक्षासव! तेही द्राक्षांचं, तेही लाल, तेही आंबवलेलं. तिच्याकडे बाळंतपणातली अर्धी बाटली होती, ती तिने उलट माझ्यासाठीच राखून ठेवली होती, 'आता लागेलच' म्हणून. अंबादासभाऊ म्हणाले, "परवानाप्राप्त मद्यात भेसळ," आणि मान फिरवून उभे राहिले, म्हणजे पाहिलं नाही असं सांगता येईल. मी फनेल लावलं. मी आयुष्यात पोरीच्या दुधात पाणी घातलं नाही कधी. पण डोळ्यांसमोर ते गज होते.

साहेब वर आले ते धापा टाकत. उंच, गोरे, लाल. गजांना बांधलेल्या साड्या त्यांना फार आवडल्या. सजावट वाटली. शलाकाने त्यांच्या बुटाची नाडी चाटली आणि त्यांनी तिला अडवलं नाही, म्हणून मला त्यांच्याबद्दल एकाच वेळी आदर आणि काळजी वाटली.

बाटलीवरच्या चिंधीकडे त्यांनी पाहिलं. विचारलं नाही. ग्लासात ओतली, फिरवली, नाक ग्लासात घातलं. तसेच राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "लवंग?"

आता बोलायची वेळ माझी होती. तीन आठवड्यांचा अभ्यास होता तो. मी ग्लास हातात घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले की मला आधी काळी फळं जाणवतात, मग देवदार, मग पेन्सिलीचं शिसं, तंबाखूचा डबा, ओली माती, जुनं चामडं. आणि टॅनिन.

"ह्या ग्लासात?" साहेबांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "भरपूर."

त्यांनी मान हलवली. जयवंतच्या घरी हलवली असेल तशीच. त्या मान हलवण्यात तळमजला हळूहळू वर सरकत चौथ्या मजल्यावर येऊन बसताना मला स्पष्ट दिसला.

तेवढ्यात आई वड्यांची ताटली घेऊन आल्या. पाहुण्यांच्या ग्लासाकडे पाहिलं, सहज माझा ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"ह्यां तां न्हय," त्या म्हणाल्या. "ह्यां बाळंतिणीचा औषद. तां वेगळां होता."

"काय म्हणतात?" साहेबांनी विद्याधरला विचारलं.

मी टेबलाखालून विद्याधरच्या पायावर पाय दिला. अर्थ स्वच्छ होता: मटण तिखट आहे म्हणतात, असं सांग. विद्याधरने माझ्याकडे पाहिलं. मग गॅलरीकडे पाहिलं. मग पाय काढून घेतला, आणि साहेबांना इंग्रजीत सांगितलं, "ती म्हणते ही तुमची वाईन नाही. ही बाळंतिणीचं टॉनिक आहे. तुमची वाईन तिने औषध म्हणून घेतली. आम्ही ही बाटली आज संध्याकाळी भरली."

अंबादासभाऊ दाराशी होते, ते भिंतीला चिकटले.

साहेबांनी ग्लास खाली ठेवला आणि खुर्ची आईंकडे वळवली. "त्यांना विचारा," ते म्हणाले, "माझी वाईन कशी होती."

आई बसल्या. पदराला हात पुसले. हा प्रश्न त्यांना गेल्या एकवीस दिवसांत घरातल्या कुणी विचारला नव्हता.

"पयल्या दिसा," त्या म्हणाल्या, "जीभ सुकान गेली. काजीचा बोंड कच्चां खाल्ल्यार होता ना, तशी. माका वाटलां, सायबान खराब औषद दिल्यान. दुसर्‍या दिसा तसांच. तिसर्‍या दिसा मात्र रे विदू, मोकळां झालां. जांभळां. पिकून खाली पडलेली, मातयेची लागलेली जांभळां. आणि मागसून तुझ्या बापाशीच्या तंबाखूच्या चंचीचो वास. गिरणीतसून घराक येय आणि चंची सोडी, तो. चार दिस तो वास होतो." त्यांनी वड्यांची ताटली साहेबांकडे सरकवली. "चार दिस दुपारी मी तेच्यासाठीच पडान रवलंय. झोपाक नाय."

विद्याधर वाक्यावाक्याला इंग्रजी करत होता. इथे तो अडला. मग त्याने तेही केलं.

"आठव्या दिसापासून आंबटलां. मगे मी फक्त गुडघ्यांसाठी घेतलंय. खोटां कित्याक सांगू?"

साहेबांनी खिशातून वही काढली आणि लिहायला लागले. काजूचं बोंड कसं असतं ते विचारलं, तर पद्मजाने हातवारे करून दाखवलं. लिहून झाल्यावर ते म्हणाले की ही वाईन ते वीस वर्षं पितात. तीन घरांत दिली, तिन्ही घरांत त्यांना स्वतःचंच कार्ड ऐकायला मिळालं, आणि तिची खरी चव आज कुणीतरी सांगितली. मग विद्याधरकडे वळले. "पंपाच्या तपासनिसाने मॅन्युअलमध्ये छापलेला आवाज सांगायचा नसतो. ऐकलेला सांगायचा असतो. स्वतःचं नुकसान होत असलं तरी." आणि मटण वाढून घेतलं. दोनदा.

पुढच्या आठवड्यात विद्याधरचं नाव लागलं. दोन दिवस मी चालत नव्हते, तरंगत होते. तिसर्‍या दिवशी कारखान्याच्या ऑफिसातून कागद आला. ट्रेनिंगसाठी प्रकृती ठणठणीत असल्याचा दाखला आवश्यक; परंतु आपल्या फाइलमध्ये एप्रिल महिन्याचा सर्वसाधारण अशक्तपणाचा दाखला आढळतो; तरी खुलासा करावा.

सत्यप्रत. अंबादासभाऊंची सत्यप्रत! मी त्यांच्या घरी गेले तेव्हा माझा चेहराच असा असावा की राधाने मला आधी बसायला पाट दिला.

अंबादासभाऊ मात्र शांत होते. त्यांनी कागद वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "वहिनी, यात अडचण कुठे आहे? एप्रिलात अशक्त होता. डॉक्टरने मद्य हितकारक म्हटलं. शासनाने परवाना दिला. बाटली संपली. मेमध्ये ठणठणीत. फाइल स्वतःच सांगतेय." आणि त्यांनी तसं लिहून दिलं, मुद्देसूद, खाली संदर्भ क्रमांकांसह.

आठ दिवसांत मंजुरी आली. सोबत एक ओळ होती: उपचाराचा गुण आल्याची नोंद घेण्यात आली आहे.

आता आम्ही कॉलनीत आहोत. विद्याधर परत येऊन महिना झाला. दुसर्‍यांदा दिवस गेल्याची बातमी बिल्डिंगने पाच महिन्यांपर्यंत चालवली आणि मग मलाच दोष देऊन बंद केली. मोरोसाहेबांनी विद्याधरबरोबर आणखी एक बाटली पाठवली, 'मादाम शेवंती' यांच्या नावाने. तिच्या गळ्यात दोरीने बांधलेलं कार्ड आहे, पण कोरं. सोबत एक पेन्सिल. परवान्याचं नूतनीकरण करायला मी पुन्हा त्या रांगेत उभी राहिले, आणि खिडकीतले कारकून मला ओळखून म्हणाले, "मिस्टरांची तब्येत कशी आहे?"

तळमजला मिळाला. गज नाहीत, साड्या नाहीत, पडायची भीती नाही. दाराबाहेर पाऊल टाकलं की थेट माती. मी हा विचार का केला नव्हता कोण जाणे.

काल संध्याकाळी भाजी निवडत होते. शलाका अंगणात, दीड वर्षाची, मूठभर चिखल तोंडात. मी सवयीने बोट पुढे करून धावले.

"रव गो जरा," आई पायरीवरून म्हणाल्या. त्यांच्या हातात ती पेन्सिल होती. त्यांनी नातीकडे वाकून विचारलं, "कसां लागतां?"

शलाकाने चिखल गालातून इकडून तिकडे फिरवला. डोळे बारीक केले. फार वेळ विचार केला.

माझं बोट हवेत तसंच थांबलं. मलाही ऐकायचं होतं.